विश्लेषण : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये आठ सामने की नऊ? एका जादा सामन्यावरून एवढा वाद का?

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक दबदबा असलेली साउथईस्टर्न कॉन्फरन्स म्हणजेच ‘एसईसी’ २०२६च्या मोसमापासून आपल्या गटातल्या संघांशी आठऐवजी नऊ सामने खेळणार आहे. पाठोपाठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणजे ‘एसीसी’नेही नऊ सामन्यांचा निर्णय घेतला. वरवर पाहता हा वेळापत्रकातला किरकोळ बदल वाटतो. पण राष्ट्रीय विजेतेपदासाठी कोण खेळणार, कुठल्या प्रशिक्षकाची नोकरी टिकणार, लहान विद्यापीठांच्या तिजोरीत किती पैसे येणार आणि शंभर वर्षांच्या जुन्या लढती चालू राहणार की नाही, हे सारे या एका सामन्याशी जोडलेले आहे. गटांतर्गत सामने वाढवणे योग्य आहे का, त्यातून कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, याचा हा आढावा.

कॉन्फरन्स म्हणजे नेमके काय?

इथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. तिथल्या विद्यापीठांचे संघ या खेळात एवढे लोकप्रिय आहेत की टेनेसी, मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, टेक्सस ए अँड एम यांच्या स्टेडियममध्ये एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. आपल्या वानखेडेची क्षमता साधारण ३३ हजार आहे, यावरून अंदाज यावा. पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, एरिझोना स्टेट ही नावे आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या उच्च शिक्षणासाठी परिचित असली, तरी अमेरिकेत ती शनिवारच्या फुटबॉलसाठीही तितकीच ओळखली जातात.

वरच्या श्रेणीत १३०हून अधिक विद्यापीठे आहेत. एवढ्या संघांनी एकमेकांशी खेळणे अशक्य. म्हणून विद्यापीठांनी आपापले गट केले आहेत. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक संघाला नियमित मोसमात १२ सामने मिळतात. त्यातले काही आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांशी होतात, बाकीचे बाहेरच्या संघांशी. अंतर्गत सामने कॉन्फरन्स ठरवते. बाहेरचे सामने मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि तेही अनेकदा कित्येक वर्षे आधी.

सध्या चार कॉन्फरन्स मोठ्या मानल्या जातात. एसईसीत १६ संघ आहेत, बिग टेनमध्ये १८, बिग ट्वेल्व्हमध्ये १६ आणि एसीसीत फुटबॉलपुरते १७. नावातला आकडा आणि संघांची संख्या यांचा आता काही संबंध उरलेला नाही. बिग ट्वेल्व्ह २०११पासून आणि बिग टेन २०१६पासून नऊ अंतर्गत सामने खेळत आहेत. एसईसी १९९२पासून आठवर थांबली होती. वादाची सुरुवात इथून होते.

एसईसीने काय ठरवले?

ऑगस्ट २०२५मध्ये एसईसीने नव्या रचनेची घोषणा केली. प्रत्येक संघाचे तीन प्रतिस्पर्धी ठरलेले असतील. त्यांच्याशी दरवर्षी सामना होईल. उरलेल्या १२ संघांपैकी सहा जणांशी एका वर्षी आणि दुसऱ्या सहा जणांशी पुढच्या वर्षी गाठ पडेल. म्हणजे दोन वर्षांत प्रत्येक संघ गटातल्या सर्वांशी किमान एकदा खेळेल आणि चार वर्षांत प्रत्येकाच्या मैदानावर एकदा तरी जाईल.

याला एक महत्त्वाची अटही जोडली आहे. प्रत्येक संघाने दरवर्षी एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह यांपैकी एखाद्या संघाशी किंवा नोटर डेमशी किमान एक सामना खेळलाच पाहिजे. थोडक्यात, १२ पैकी दहा सामने तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी. एसीसीनेही दहा मोठ्या सामन्यांचे असेच सूत्र स्वीकारले.

एसीसीपुढे मात्र आकडेमोडीची वेगळी अडचण आहे. १७ संघांनी प्रत्येकी नऊ सामने खेळायचे तर १७ गुणिले नऊ म्हणजे १५३. प्रत्येक सामन्यात दोन संघ असतात, त्यामुळे या आकड्याला दोनाने भाग जायला हवा. तो जात नाही. म्हणून दरवर्षी किमान एका संघाला आठ अंतर्गत सामन्यांवर समाधान मानावे लागणार आहे.

आठ सामन्यांमध्ये अडचण काय होती?

कॉन्फरन्स वाढत गेल्या आणि अंतर्गत सामन्यांची संख्या तेवढीच राहिली, ही मूळ अडचण. २०१२मध्ये टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी आल्यावर एसईसी १४ संघांची झाली. सात-सात संघांचे दोन विभाग होते. आठपैकी सहा सामने आपल्याच विभागात, एक दुसऱ्या विभागातल्या ठरलेल्या संघाशी आणि उरलेला एकच सामना बाकीच्या सहा संघांपैकी कोणाशी तरी. म्हणजे दुसऱ्या विभागातल्या एखाद्या संघाशी सहा वर्षांतून एकदा गाठ पडणार आणि तो संघ आपल्या मैदानावर १२ वर्षांतून एकदा येणार.

परिणाम विचित्र होता. टेक्सस ए अँड एम आणि जॉर्जिया २०१२पासून एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. पण २०२५चा मोसम संपेपर्यंत जॉर्जियाचा संघ कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी ए अँड एमच्या मैदानावर एकदाही उतरला नव्हता. विद्यार्थी कॉलेजात साधारण चार वर्षे असतो. चार वर्षे खेळून आपल्याच गटातल्या काही संघांचे तोंडही न पाहता तो बाहेर पडत होता. मग त्याला एक गट म्हणायचे तरी कशाला, हा प्रश्न रास्त होता.

२०२४मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर संघ १६ झाले आणि विभाग रद्द झाले. आता आठ सामन्यांतही सर्वांशी दोन वर्षांतून एकदा खेळणे शक्य होते: एक कायमचा प्रतिस्पर्धी आणि सात आलटून पालटून. पण मग कायमचा प्रतिस्पर्धी एकच ठेवता आला असता. अलाबामाने ऑबर्नला निवडायचे की टेनेसीला? ऑबर्नने अलाबामाला निवडले तर जॉर्जियाशी १८९२पासून चालत आलेल्या लढतीचे काय? टेक्ससने ओक्लाहोमाशी खेळावे की टेक्सस ए अँड एमशी? ए अँड एमने कॉन्फरन्स बदलल्यामुळे २०११नंतर थांबलेली ही शेवटची लढत २०२४मध्ये कुठे पुन्हा सुरू झाली होती.

नवव्या सामन्याने हा पेच सोडवला. नव्या रचनेत अलाबामाला ऑबर्न आणि टेनेसी दोन्ही मिळाले, ऑबर्नला अलाबामा आणि जॉर्जिया, टेक्ससला ओक्लाहोमा आणि ए अँड एम.

मग एसईसी इतकी वर्षे आठवर का अडून होती?

याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही, जादा खेळ खेळवून निकाल लावला जातो. त्यामुळे प्रत्येक अंतर्गत सामन्यात गटातला एक संघ जिंकतो आणि एक हरतोच. बाहेरच्या दुबळ्या संघाशी खेळले तर मात्र हरण्याची शक्यता कमी.

१६ संघ प्रत्येकी आठ अंतर्गत सामने खेळले तर असे ६४ सामने होतात आणि बाहेरचेही ६४ उरतात. बाहेरचे सगळे जिंकले, तर गटाच्या नावावर जास्तीत जास्त १२८ विजय लागतात, म्हणजे संघामागे सरासरी आठ. नऊ सामने केले की अंतर्गत ७२ आणि बाहेरचे ४८. आता कमाल विजय १२०, संघामागे साडेसात. एकही संघ दुबळा न होता गटाच्या खात्यात आठ पराभव वाढतात.

हे आठ पराभव कोणाला भोवतात? मोसमाच्या शेवटी होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांसाठी साधारणपणे सहा विजय लागतात. मधल्या फळीतल्या संघासाठी सहा विजय आणि पाच विजय यांच्यात सगळे जग असते. सहा विजय म्हणजे एक जादा सामना, सरावाचे जादा दिवस, माजी विद्यार्थ्यांचा उत्साह. पाच विजय म्हणजे प्रशिक्षकाला निरोप देण्याची चर्चा. म्हणून नवव्या सामन्याला विरोध प्रामुख्याने अशाच विद्यापीठांतून होत होता.

वरच्या फळीची भीती वेगळी होती. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये २०२४पासून १२ संघ असतात. काही जागा कॉन्फरन्स विजेत्यांना मिळतात, उरलेले संघ १३ सदस्यांची निवड समिती ठरवते. २०२४मध्ये अलाबामाने जॉर्जियासारख्या संघाला हरवले, पण व्हँडरबिल्ट, टेनेसी आणि ओक्लाहोमाकडून तीन पराभव पत्करले. नऊ विजय आणि तीन पराभव असलेल्या या संघाला समितीने बाहेर ठेवले. ११ विजय आणि दोन पराभव असलेला एसीसीचा एसएमयू आत गेला. बिग टेनमधला इंडियानाही ११ विजय आणि एका पराभवाच्या जोरावर आत होता आणि त्याचे बाहेरचे तिन्ही प्रतिस्पर्धी कमकुवत होते. एसईसीतला सूर मग असा लागला: समिती पराभव मोजते, प्रतिस्पर्धी मोजत नाही, तर आम्ही आणखी एक कठीण सामना का घ्यावा?

इतर कॉन्फरन्सची तक्रार काय होती?

बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हचे म्हणणे सरळ होते. आम्ही नऊ कठीण सामने खेळायचे आणि तुम्ही आठ, मग शेवटी एकाच तागडीत तोलायचे, हा कुठला न्याय? एसईसीचे अनेक संघ नोव्हेंबरच्या मध्यावर, मोसम ऐन रंगात असताना, खालच्या श्रेणीतल्या संघाला घरी बोलावत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अलाबामाने मर्सरला ५२-७ असे हरवले, त्याच काळात इतर संघ आपापल्या गटात झुंजत होते. अशा सामन्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती मिळते आणि विजयाचा आकडाही वाढतो.

एसईसीचे उत्तर असे की आमचे आठ सामने इतरांच्या नऊ सामन्यांपेक्षा कठीण असतात. या दाव्याला इतिहासाचा आधार होता. २००६ ते २०२२ या १७ मोसमांत एसईसीच्या संघांनी १३ वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. पण पुढच्या तीन मोसमांत मिशिगन, ओहायो स्टेट आणि इंडियाना असे तीन विजेते ओळीने बिग टेनमधून आले. हे तिन्ही संघ नऊ अंतर्गत सामने खेळून आले होते. नऊ सामन्यांनी संघ दमतात आणि विजेतेपदाला मुकतात, हा युक्तिवाद त्यानंतर फारसा टिकला नाही.

एसईसीच्या आत सगळ्यांचे ओझे सारखे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. जॉर्जिया दरवर्षी जॉर्जिया टेकशी, फ्लोरिडा फ्लोरिडा स्टेटशी, साउथ कॅरोलिना क्लेमसनशी आणि केंटकी लुइव्हिलशी खेळते. हे चारही प्रतिस्पर्धी एसीसीतले. त्यामुळे या चौघांचे आठ अधिक एक असे नऊ मोठे सामने आधीपासूनच होते. बाकीच्या संघांवर अशी परंपरेची सक्ती नव्हती.

यात पैशाचा भाग किती?

बराच मोठा. अलाबामा विरुद्ध मर्सर हा सामना बघायला फार लोक टीव्हीसमोर बसत नाहीत, अलाबामा विरुद्ध टेक्सस बघायला बसतात. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीसाठी नववा अंतर्गत सामना म्हणजे दरवर्षी आठ नवे चांगले सामने. एसईसीचे सीबीएसकडे असलेले शनिवारचे मुख्य सामने २०२४पासून ईएसपीएन आणि एबीसीकडे आले. त्या दहा वर्षांच्या कराराची किंमत ३०० कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी २०२३पासून सात वर्षांचा करार आहे आणि तो ७०० कोटी डॉलरहून मोठा आहे.

विद्यापीठांना पैशाची गरजही वाढली आहे. जून २०२५मध्ये न्यायालयाने ‘हाऊस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानंतर विद्यापीठे प्रथमच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती. पूर्वी जो खर्च नव्हताच, तो आता दरवर्षी भागवायचा आहे.

पैशाची दुसरी बाजूही आहे. नऊ हा विषम आकडा. एका वर्षी पाच अंतर्गत सामने घरच्या मैदानावर होतील, दुसऱ्या वर्षी चार. शिवाय घरी बोलावून खेळायचा एक सोपा सामनाही जातो. अनेक मोठ्या विद्यापीठांचा हिशेब वर्षाला सात घरचे सामने धरून मांडलेला असतो. ही विद्यापीठे बहुतांशी लहान गावांत आहेत. शनिवारी लाखभर माणसे येतात, तेव्हा हॉटेले, खानावळी, पार्किंगवाले, दुकानदार यांचा हंगाम होतो. गावजत्रेचा एक दिवस कमी झाला तर गावाला जे वाटते, ते इथेही वाटते.

लहान विद्यापीठांचे काय होणार?

या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते यांच्याबद्दल. मोठे विद्यापीठ लहान विद्यापीठाला आपल्या मैदानावर खेळायला बोलावते आणि त्याचे ठरावीक पैसे देते. पाहुण्याने यायचे, बहुधा हरायचे आणि धनादेश घेऊन परत जायचे, असा हा व्यवहार. पण त्या पैशांवर लहान विद्यापीठाचा क्रीडा विभाग चालतो. फुटबॉलच नव्हे, तर पोहणे, कुस्ती, धावणे अशा स्वतःचा खर्च न काढणाऱ्या खेळांनाही त्याचा आधार असतो.

कधी कधी पाहुणा जिंकतोही. २००७मध्ये ॲपलाचियन स्टेटला मिशिगनने ४ लाख डॉलर देऊन बोलावले आणि ३४-३२ असा पराभव ओढवून घेतला. याच ॲपलाचियन स्टेटने २०२२मध्ये टेक्सस ए अँड एमला १७-१४ने हरवले. तेव्हा त्यांचे मानधन १५ लाख डॉलर होते. २०२४मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने १४ लाख डॉलर घेऊन नोटर डेमला १६-१४ने हरवले. कॉलेज फुटबॉलच्या आठवणींत अशा शनिवारांना मोठे स्थान आहे.

एसईसीच्या प्रत्येक संघाने असा एक सामना कमी केला तर दरवर्षी १६ पर्यंत आमंत्रणे घटतात. एसीसीची भर वेगळी. मोठ्यांना टीव्हीतून जे जादा मिळेल, त्यातला एक हिस्सा लहानांच्या ताटातून गेलेला असेल.

बाहेरचे सामने कमी झाले तर काय होते? २०२०चा अनुभव काय सांगतो?

वादातला सर्वांत कळीचा मुद्दा हाच आहे. शाळेत एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत आणि दोन्हींच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या आहेत असे समजा. ‘अ’ तुकडीत पहिला कोण आणि ‘ब’ तुकडीत पहिला कोण, हे कळेल. पण दोघांत सरस कोण, हे कळणार नाही. त्यासाठी काही प्रश्न तरी दोघांना सारखे हवेत. कॉन्फरन्सबाहेरचे सामने म्हणजे हे सामायिक प्रश्न. अंतर्गत सामने वाढले की तुकडीतला क्रम अधिक अचूक होतो, पण दोन तुकड्यांची तुलना अवघड होते.

आपल्याकडे आयपीएलमध्येही दहा संघ १४ सामने खेळतात, त्यामुळे प्रत्येक संघ पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदाच खेळतो. पण तिथे निदान सर्वांची सर्वांशी एकदा गाठ पडते आणि गुणतक्ता एकच असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये तसे नाही, म्हणूनच समितीला आपला अंदाज वापरावा लागतो.

२०२०मध्ये करोनामुळे याची कसोटी लागली. एसईसीने त्या वर्षी दहा सामने ठेवले आणि दहाही आपल्या गटातच. बिग टेननेही बाहेरचे सामने रद्द केले. एसईसीत अलाबामा सर्वोत्तम आहे, याबद्दल मोसमाच्या शेवटी कोणालाच शंका उरली नाही. दहा कठीण सामन्यांनी आपले काम चोख केले होते. पण ओहायो स्टेटने प्लेऑफपूर्वी फक्त सहा सामने खेळले होते आणि ते सहाही बिग टेनमध्ये. समितीने त्यांना तिसरे स्थान दिले. आठ सामने जिंकून एक हरलेला टेक्सस ए अँड एम पाचवा राहिला आणि तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफबाहेर गेला. सिनसिनाटीने नऊच्या नऊ सामने जिंकले, तरी त्यांना आठवे स्थान मिळाले. सिनसिनाटी खरोखर किती ताकदवान आहे, हे दाखवणारे सामनेच झाले नव्हते. अशा वेळी समितीकडे संघाची जुनी कीर्ती आणि गटाचे नाव एवढेच उरते. त्याचा फायदा नेहमी मोठ्यांना होतो.

मग संघ बाहेरचे मोठे सामने टाळत आहेत का?

टाळण्याचे कारण तरी त्यांना मिळते आहे. टेक्ससने २०२५च्या मोसमाची सुरुवात ओहायो स्टेटच्या मैदानावर केली आणि १४-७ असा निसटता पराभव पत्करला. पुढे फ्लोरिडा आणि जॉर्जियाकडून हरून ते नऊ विजय, तीन पराभव अशा स्थितीत थांबले आणि प्लेऑफला मुकले. ओहायोऐवजी एखाद्या लहान संघाला घरी बोलावले असते तर दहा विजय झाले असते, हे गणित कोणालाही जमते.

दुसरीकडे इंडियाना. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी २०२५च्या उन्हाळ्यात उघडच सांगितले की आम्ही बाहेरच्या सामन्यांबाबत एसईसीचेच धोरण उचलले आहे. व्हर्जिनियाबरोबर ठरलेली दोन सामन्यांची मालिका इंडियानाने रद्द केली. त्या मोसमात त्यांचे बाहेरचे तिन्ही प्रतिस्पर्धी पुन्हा कमकुवत होते. पण बिग टेनच्या अंतिम सामन्यात त्यांनी ओहायो स्टेटला १३-१०ने, प्लेऑफमध्ये अलाबामाला ३८-३ने हरवले आणि एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. बाहेर सोपे सामने खेळूनही संघ खराच बलाढ्य असू शकतो. पण त्याची खात्री पटायला जानेवारी उजाडावा लागला.

जुन्या लढतींनाही झळ बसते आहे. यूएससी आणि नोटर डेम १९२६पासून खेळत आले आहेत. लॉस एंजेलिसचा यूएससी संघ २०२४मध्ये बिग टेनमध्ये गेला. नऊ अंतर्गत सामने आणि देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास आल्यावर नोटर डेमशी सामना मोसमाच्या कोणत्या आठवड्यात घ्यायचा, यावरच दोघांचे अडले. २०२६मध्ये ही लढत होणार नाही, असे डिसेंबर २०२५मध्ये स्पष्ट झाले. एसईसीत नवव्या सामन्याने जुन्या लढती वाचवल्या, पण दोन कॉन्फरन्सच्या सीमेवरच्या लढतींना तोच नववा सामना जड जातो.

अखेर अंतर्गत सामने वाढवावेत का?

१६-१८ संघांच्या कॉन्फरन्ससाठी नऊ सामने हा योग्य आकडा दिसतो. चार वर्षांच्या शिक्षणात खेळाडू गटातल्या प्रत्येक मैदानावर जातो, जुन्या लढती टिकतात, विजेता ठरवताना योगायोगाचा वाटा कमी होतो आणि सर्व मोठ्या गटांना जवळपास एकच माप लागू होते. आठवर अडून राहण्यामागे खेळापेक्षा विजयाचे आकडे सांभाळण्याचा हिशेब अधिक होता.

पण नऊच्या पलीकडे जाणे किंवा नऊ खेळून बाहेरचे दार लावून घेणे धोक्याचे आहे. म्हणून एसईसी आणि एसीसीच्या निर्णयातला खरा महत्त्वाचा भाग नववा सामना नसून दहावा आहे. बाहेरच्या एका तगड्या संघाशी खेळण्याची सक्ती राहिली, तरच गटागटांची तुलना शक्य आहे. बिग टेनमध्ये अशी सक्ती नाही. ती सर्वच मोठ्या कॉन्फरन्समध्ये यायला हवी. उरलेल्या दोन सामन्यांपैकी एक वरच्या श्रेणीतल्या लहान विद्यापीठासाठी राखला, तर सिनसिनाटीसारख्या संघावर २०२०ची वेळ पुन्हा येणार नाही आणि त्यांचा पैशाचा आधारही पूर्ण तुटणार नाही.

दुसरी जबाबदारी निवड समितीची. एसईसीच्या घोषणेच्या आदल्या दिवशीच प्लेऑफच्या व्यवस्थापनाने जाहीर केले की यापुढे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीला अधिक वजन दिले जाईल. त्यानंतरच्या पहिल्याच मोसमात टेक्सस बाहेर राहिला. तीन पराभव असलेल्या संघाला बाहेर ठेवणे चूक होते असे नाही. पण ओहायो स्टेटच्या मैदानावर जाऊन सात गुणांनी हरणे हे घरी बसून एखाद्या लहान संघाला चिरडण्यापेक्षा कमी दर्जाचे नाही, हे समितीच्या क्रमवारीतून दिसले नाही तर कोणतीही सक्ती फार काळ टिकणार नाही. विद्यापीठे नियम पाळतील, पण त्यातल्या त्यात सोपा प्रतिस्पर्धी शोधतील.

यापुढे कशाकडे लक्ष ठेवायचे?

प्लेऑफमधील संघांची संख्या वाढवण्याची चर्चा सुरू आहे. एसईसीचा कल १६ संघांकडे आहे, तर बिग टेनला त्याहून मोठा विस्तार हवा आहे. जागा वाढल्या तर एक-दोन पराभवांची भीती कमी होईल आणि नऊ सामन्यांना असलेला उरलासुरला विरोधही मावळेल. मात्र त्या जागा कॉन्फरन्सना आधीच वाटून दिल्या, तर बाहेरच्या सामन्यांची गरजच संपेल. आपल्या गटात तिसरे-चौथे आलो की पुरे, असे झाल्यावर टेक्सस कशाला ओहायोला जाईल?

२०२६चा मोसम संपेल तेव्हा एसईसीत किती संघ सहा विजयांपर्यंत पोहोचले आणि नऊ विजय, तीन पराभव असलेल्या संघांना समितीने कसे वागवले, या दोन गोष्टी पाहाव्या लागतील. त्या उत्तरांवर विद्यापीठे पुढच्या दहा वर्षांचे बाहेरचे सामने ठरवतील किंवा रद्द करतील.